त्वचा जपा, तसबीर जपा

प्रवासाहून घरी परतले की आधी धुण्याच्या बादल्या भरतात आणि मग पिशव्या रिकाम्या होतात. पिशवीच्या तळाशी, चादरी आणि स्वेटर यांच्या खाली, वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक सुरळी निघते. कुणी बुद्धगयेहून पिंपळपानावरचे चित्र आणलेले असते, कुणी सांचीच्या तोरणाचे, तर कुणी दीक्षाभूमीवरच्या किंवा चैत्यभूमीवरच्या पुस्तकांच्या रांगेतून एखादे मोठे छापील चित्र आणलेले असते. ही सुरळी बहुधा कपाटावर ठेवली जाते. "सवडीने फ्रेम करू" असे म्हटले जाते. सवड मिळेपर्यंत तिला कसर लागलेली असते.

त्याच वेळी घरातली एखादी मुलगी आरशासमोर उभी राहून म्हणत असते, "बघ ना काकू, तोंड किती काळं पडलं!" आणि ती मेडिकलमध्ये जाऊन एक ट्यूब घेऊन येते.

या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, असे वाचक विचारतील. आम्हीही तो कधी जोडला नव्हता. एका पावसाळ्यात आमच्या घरी या दोन्ही गोष्टी एकदमच बिघडल्या, म्हणून तो जोडला गेला. आमच्या हातून झालेल्या चुका इतरांच्या हातून होऊ नयेत, यासाठी हा लेखनप्रपंच.

एका पावसाळ्याची गोष्ट

काही वर्षांपूर्वी हिवाळ्यात आम्ही सहकुटुंब बुद्धगयेला गेलो होतो. सोबत वृद्ध आई होती आणि कॉलेजात शिकणारी पुतणीही. परतीच्या वाटेवर पाटण्याला हस्तकलेच्या एका प्रदर्शनात आम्ही एक चित्र घेतले. शेणाच्या पाण्याचा हात दिलेल्या जाड कागदावर काळ्या रेघांची वर्तुळे होती, आणि वर्तुळावर वर्तुळ करून माणसे, हत्ती आणि झाडे ओळीने मांडली होती. विकायला बसलेल्या बाईंनी सांगितले, "ये गोदना है."

गोदना म्हणजे आपले गोंदण. बिहारच्या मधुबनी भागातली लग्नाच्या कोहबराची आणि देवादिकांची चित्रे जगभर प्रसिद्ध आहेत. ती मुख्यतः ब्राह्मण आणि कायस्थ स्त्रियांच्या हातची म्हणून ओळखली गेली. त्याच भागातल्या दुसाध समाजाच्या स्त्रियांनी १९७० च्या दशकात आपली वाट वेगळी काढली. अंगावर गोंदली जाणारी नक्षी त्यांनी कागदावर उतरवली आणि त्यात आपला लोकनायक सलहेस याची कथा चितारली. जितवारपूर गावच्या चानो देवींचे नाव या कामात मानाने घेतले जाते. २०२४ साली शिवन पासवान आणि शांती देवी या गोदना चित्रकार दांपत्याला पद्मश्री मिळाली. ज्यांच्या घरात कागद नव्हता, त्यांनी आपल्या कातडीवर चित्रे जपली आणि कागद हाती येताच ती कागदावर आणली, असा या चित्रांचा इतिहास आहे.

आमच्या आईने चित्र पाहिले आणि पदर मागे सारून आपला हात त्याच्याजवळ धरला. तिच्या मनगटावरचे हिरवट ठिपके आणि कागदावरचे काळे ठिपके जवळजवळ सारखेच होते. "हे तर आमचंच," एवढेच ती म्हणाली. चित्राच्या खालच्या कडेला चित्रकार बाईंनी आपले नाव लिहिले होते. आम्ही ते वाचले, पण कुठे टिपून ठेवले नाही.

गावी आल्यावर चित्र फ्रेमला दिले. आठ दिवसांनी तसबीर आली तेव्हा चकचकीत सोनेरी पट्टी पाहून घरात सगळे खूष झाले. नंतर लक्षात आले की तयार चौकटीत बसवण्यासाठी फ्रेमवाल्याने चित्राची खालची कड दोन बोटे कापली होती. त्या दोन बोटांत बाईंचे नाव गेले. शिवाय कागद प्लायवूडवर पांढऱ्या गोंदाने सपाट चिकटवला होता आणि काच थेट चित्रावर टेकली होती. पहिल्याच पावसाळ्यात काचेच्या आतून दमट वाफ धरली, कागद फुगला आणि हत्तीच्या पाठीवर तांबूस डाग पडले. उघडून पाहावे तर रंग काचेला चिकटून आला.

त्याच पावसाळ्यात पुतणीचा चेहरा लाल झाला. प्रवासात चेहरा काळवंडला म्हणून मैत्रिणीने सांगितलेली ट्यूब ती चार-पाच महिने लावत होती. सुरुवातीला चेहरा उजळला, पाहुण्यांनी कौतुकही केले. पुढे ट्यूब एक दिवस चुकली की आग व्हायची. चुलीपुढे, उन्हात, बसमध्ये चेहरा तापायचा. बारीक पुळ्या आल्या, गालावर लव वाढली, लालसर शिरा दिसू लागल्या. पोरीने बाहेर जाणे आणि फोटो काढून घेणे बंद केले.

सरकारी रुग्णालयातल्या त्वचारोगाच्या डॉक्टर बाईंनी ट्यूबवरची बारीक अक्षरे मोठ्याने वाचली. त्यात मोमेटासोन नावाचे स्टेरॉइड, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन होते. "हे औषध आहे," त्या म्हणाल्या, "वांगासाठी आम्हीही देतो, पण थोडे आठवडे आणि आमच्या नजरेखाली. हे तोंडाला लावायचं क्रीम नव्हे." दोष त्यांनी मुलीला दिला नाही. त्यांनी आम्हाला विचारले, "तिला गोरं व्हावंसं का वाटलं, हे घरात कुणी विचारलं का?" आमच्याजवळ उत्तर नव्हते. स्थळे पाहण्याच्या गोष्टी घरात आम्हीच काढल्या होत्या.

अजिंठ्याच्या भिंतीची कातडी

पुढल्या हिवाळ्यात, चेहरा बराच निवल्यावर, डॉक्टरांच्या परवानगीने आम्ही तिला अजिंठ्याला नेले. छत्री, सुती ओढणी आणि सकाळची पहिली बस असा बेत केला. (लेणी सोमवारी बंद असतात, हे जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.) फर्दापूरच्या फाट्यावर आपली गाडी सोडून एस.टी.च्या बसने लेण्यांशी जावे लागते.

पहिल्या लेण्यात अंधाराला डोळे सरावले की भिंती हळूहळू बोलू लागतात. तिथे गोऱ्या, गव्हाळ, सावळ्या आणि अगदी काळ्या वर्णाच्या स्त्रिया शेजारी शेजारी तेवढ्याच डौलाने उभ्या आहेत. काळ्या स्त्रीच्या अंगावरचे मोत्यांचे दागिने तर अधिकच उठून दिसतात. आम्ही काही बोललो नाही. पुतणी तिथे बराच वेळ उभी होती.

आम्हाला चकित केले ते दुसऱ्याच गोष्टीने. मार्गदर्शकाने काही ठिकाणी भिंतीवरचा पिवळट, तपकिरी थर दाखवला आणि सांगितले, "हा मूळ रंग नाही. हे नंतर लावलेले रोगण आहे."

ती कथा अशी. अजिंठ्याची चित्रे ओल्या चुन्यावर काढलेली नाहीत. खडकावर माती, भाताचा तूस आणि वनस्पतींचे तंतू मिसळून गिलावा केला. त्यावर चुन्याचा पातळ हात दिला. तो सुकल्यावर तांबडी आणि पिवळी काव, हिरवी माती, काजळी, पांढरी माती आणि अफगाणिस्तानातून येणारा निळा राजावर्त दगड यांचे रंग चिकट द्रव्यात कालवून भरले. म्हणजे ही भिंतीची कातडीच आहे, एकावर एक पातळ थरांची आणि नाजूक.

१८१९ साली जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने ही लेणी बाहेरच्या जगापुढे आणली. १८४४ पासून रॉबर्ट गिल याने येथे राहून चित्रांच्या मोठ्या नकला केल्या. त्यांतल्या बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. पुढे मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी १८७२ पासून १८८५ पर्यंत हिवाळ्यामागून हिवाळे इथे बसून नकला करीत राहिले. त्यांच्याही अनेक नकला १८८५ साली लंडनच्याच साऊथ केन्सिंग्टन संग्रहालयातल्या आगीत गेल्या. नकला जळाल्या, राहिली ती भिंतच.

आणि भिंतीचे काय झाले? नकला करताना चित्रे स्पष्ट दिसावीत म्हणून एकोणिसाव्या शतकातच रोगणाचे हात फिरले होते. पुढे हैदराबादच्या निजाम सरकारने १९२० ते १९२२ या काळात इटलीहून तज्ज्ञ बोलावले. त्यांनी सुटू लागलेला गिलावा पक्का करून चित्रे वाचवली, हे त्यांचे उपकारच. पण चित्रांवर त्यांनी लाखेपासून केलेले रोगणही दिले. लावताना रंग झळाळून उठले. वर्षे गेली तसे रोगण पिवळे पडले, त्यावर धूळ आणि काजळी बसली, ते आकसले, तडकले आणि आकसताना खालच्या रंगाचे पोपडे घेऊन सुटू लागले. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांना ते पिवळे थर वर्षानुवर्षे, कापसाच्या बोळ्याने, इंच इंच काढत बसावे लागले.

हे ऐकून पुतणी पटकन म्हणाली, "म्हणजे माझ्या ट्यूबसारखंच की!"

आम्ही हसलो खरे, पण तिचे म्हणणे सोळा आणे खरे होते. झळाळी आधी दिसते, नुकसान मागून येते. उपाय करणाऱ्याचा हेतू चांगला असतो आणि तरी पोपडा निघतो. कागदाला, भिंतीला, माणसाच्या चेहऱ्याला चकाकी द्यायची नसते, जपणूक द्यायची असते. कशापासून जपायचे? आमच्या अनुभवाने शत्रू तीन आहेत: ऊन, ओल आणि डिंक. आता त्यांच्याकडे एकेक करून पाहू.

पहिला शत्रू : ऊन

रस्त्यावरचे जुने पोस्टर निळसर का दिसते, याचा कधी विचार केला आहे काय? छपाईतला तांबडा आणि पिवळा रंग उन्हाने आधी उडतो, निळा आणि काळा मागे राहतो. घरातल्या तसबिरीचेही तेच होते. काच लावली म्हणजे ऊन अडले, अशी आपली समजूत असते. साधी काच उन्हातले काही अतिनील किरण अडवते, पण त्वचेत खोल जाणारे आणि रंग उडवणारे बरेच किरण तिच्यातून आरपार येतात. म्हणूनच बसच्या बंद खिडकीशी बसलेल्या माणसाच्या त्याच बाजूचा गाल आणि हात अधिक काळवंडतो.

तसबिरीसाठी: समोर खिडकी असलेली भिंत टाळावी. दिवसभरात कधीही थेट ऊन पडत नाही अशी जागा निवडावी. ट्यूबलाइटच्या अगदी खाली लावू नये. उडालेला रंग कोणत्याही उपायाने परत येत नाही.

त्वचेसाठी: प्रवासात सकाळी लवकर आणि चारनंतर फिरावे. छत्री, रुंद काठाची टोपी आणि पूर्ण बाह्यांचा सुती सदरा यांना कोणत्याही क्रीमची सर येत नाही. परवडत असेल तर एस.पी.एफ. ३० किंवा अधिक असलेले सनस्क्रीन घ्यावे. नाजूक त्वचेला झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडचे बरे सोसते. तर्जनी आणि मधले बोट यांच्या लांबीएवढ्या दोन रेघा चेहरा व मानेसाठी घ्याव्या, आणि उन्हात असाल तर दर दोन-तीन तासांनी पुन्हा लावावे. आमच्याकडे पुरुष मंडळी "हे बायकांचे काम" म्हणून हसतात. शेतात, बांधकामावर आणि रस्त्यावर उभे राहून काम करणाऱ्या पुरुषांना ऊन काही कमी लागत नाही.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. सनस्क्रीन गोरे होण्यासाठी नसते. सावळ्या त्वचेतले रंगद्रव्य हे निसर्गाने दिलेले छत्रच आहे. ते घासून काढायचे आणि मग बाजारातून दुसरे छत्र विकत आणायचे, यात शहाणपण कोणते?

दुसरा शत्रू : ओल

कोकणात आणि मुंबईत राहणाऱ्यांना ओल काय ते सांगायला नको. बाहेरच्या पावसाळी भिंतीवर, मोरीच्या पाठीमागच्या भिंतीवर किंवा स्वयंपाकघरात चित्र लावू नये. तसबिरीच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून बुचाचे किंवा रबराचे छोटे तुकडे लावावे. तसबीर भिंतीपासून थोडी सुटी राहते आणि मागून हवा खेळते. पावसाळा संपला की वर्षातून एकदा तसबीर उतरवून मागची बाजू कोरड्या फडक्याने पुसावी, कसर आणि वाळवी पाहावी. काच पुसताना पाणी काचेवर मारू नये, फडक्यावर घ्यावे. काचेवर मारलेले पाणी फटीतून आत ओघळते आणि कागद पितो.

त्वचेच्या बाबतीत ओलीची दोन रूपे आहेत. पावसाळ्यात ओले मोजे, ओली अंतर्वस्त्रे आणि काखेतला घाम यांनी नायटा होतो. तिथेही लोक तीच स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब लावतात. खाज दोन दिवस थांबते आणि नायटा आतून पसरतो. जागा धुऊन, टिपून कोरडी ठेवावी आणि डॉक्टरांकडून औषध घ्यावे.

हिवाळ्यात मात्र ओल कमी पडते. आमच्या आईचे अंग दर हिवाळ्यात खाजायचे. नखांनी ओरबाडून तिच्या गोंदणावर ओरखडे उठले होते. कढत पाणी आणि जंतुनाशक साबण हीच तिची अंघोळ होती. ती बदलली. पाणी कोमट ठेवले, साबण सौम्य आणि तोही फक्त काखा, जांघा आणि पायांपुरता. अंग खसाखसा न पुसता टिपायचे आणि त्वचा ओलसर असतानाच खोबरेल लावायचे, असा क्रम ठेवला. दोन आठवड्यांत खाज उतरली. खर्च म्हणाल तर खोबरेलाच्या बाटलीचा. मोहरीचे तेल मात्र नाजूक त्वचेला झोंबते, ते टाळावे. घरातल्या तान्ह्या मुलांनाही हेच लागू आहे.

तिसरा शत्रू : डिंक

टिकलीच्या जागी कपाळावर पांढरा डाग पडलेल्या भगिनी आपण पाहिल्या आहेत. कित्येकींना कोड समजून लोकांनी दूर ठेवले आहे. काही टिकल्यांच्या मागच्या डिंकात असे रसायन असते की त्याने त्या जागचे रंगद्रव्य मरते. रबरी चपलेच्या पट्ट्याखालीही असे डाग पडू शकतात. खाज, लाली किंवा फिका डाग दिसताच टिकली बंद करावी आणि डॉक्टरांना दाखवावे. हा रोग संसर्गजन्य नाही, त्यावरून कोणाला नाव ठेवू नये.

प्रवासात आणखी एक सापळा असतो. पर्यटनस्थळी "अर्ध्या तासात काळी मेहंदी" काढून देणारे बसतात. खरी मेहंदी काळी नसते, तांबूस असते. काळ्या रंगासाठी तिच्यात केसांच्या कलपातले पी.पी.डी. नावाचे रसायन घालतात. त्याने हातावर फोड येतात आणि पुढे आयुष्यभर कलपही सोसत नाही. आणि जत्रेत, मेळाव्यात हातावर नाव गोंदून घेणाऱ्या तरुणांनी सुई आपल्यासमोर नवी उघडली का आणि शाईची वाटी प्रत्येकाला वेगळी आहे का, हे पाहिल्याशिवाय हात पुढे करू नये. एकाच सुईने कावीळ ब आणि एच.आय.व्ही. पसरू शकतात.

कागदाचा डिंक म्हणजे सेलोटेप आणि पांढरा गोंद. सेलोटेप काही वर्षांत पिवळी होते, तिचा डिंक कागदात मुरतो आणि डाग कायमचा राहतो. लॅमिनेशन तर त्याहून वाईट. ते उष्णतेने चिकटवतात आणि पुन्हा सुटत नाही. जुनी सनद, आजोबांचा फोटो, धम्मदीक्षेच्या वेळचे एखादे पत्रक घरात असेल तर कृपा करून त्याला लॅमिनेशन करू नका.

फ्रेमवाल्याला काय सांगावे

आमचा फ्रेमवाला वाईट माणूस नव्हता. त्याला कोणी सांगितले नव्हते, आम्हीही नाही. म्हणून सांगायच्या गोष्टी इथे लिहून देत आहोत. कात्रण काढून सोबत न्यावे.

१) चित्र कापायचे नाही. चौकट चित्राच्या मापाची करायची, चित्र चौकटीच्या मापाचे नाही.

२) चित्र कशावरही पूर्ण चिकटवायचे नाही. वरच्या कडेला मागून पातळ हातकागदाच्या दोन पट्ट्या, गव्हाच्या पिठाच्या खळीने लावायच्या, म्हणजे चित्र लोंबते राहील. ही खळ पाण्याने केव्हाही सुटते.

३) चित्र आणि काच यांच्यामध्ये माउंटची जाडी हवी. काच चित्राला टेकता कामा नये. माउंट आम्लरहित मागावे. मिळाले नाही तर चित्राच्या मागे सुती चिंध्यांपासून केलेला चांगला हातकागद घालावा. पुण्याच्या हातकागद संस्थेत असा कागद तयार होतो. प्लायवूड किंवा हार्डबोर्ड थेट चित्राला लागू देऊ नये. वर्तमानपत्राचा कागद आत घालू नये. तो स्वतः पिवळा पडतो आणि शेजाऱ्यालाही पिवळे करतो.

४) कापडावरचे वारली चित्र किंवा तिबेटी थांगका असेल तर डिंक मुळीच नको. कापडी पाठीवर बारीक टाक्यांनी बसवावे. पिंपळपानाची जाळी असेल तर तिलाही दोन-तीन ठिकाणी रेशमी दोऱ्याचे टाके पुरतात.

५) मागची बाजू तपकिरी कागदाने बंद करून घ्यावी, म्हणजे धूळ आणि कसर आत शिरत नाही.

एवढे केल्यावर पट्टी साध्या लाकडाची असली तरी चालते. सोनेरी पट्टीचे पैसे माउंटवर घालावे.

विकत घेतानाही थोडे भान ठेवावे. चित्र वर्तमानपत्रात चेपून आणू नये. बोहारणीच्या भांड्यांइतका तरी त्याचा मान राखावा. रुंद पी.व्ही.सी. पाईपचा दीड-दोन हातांचा तुकडा पाच-दहा वर्षे पुरतो. त्यात चित्र बटर पेपरसह सैल गुंडाळून ठेवावे. घरी येताच पाईपमधून काढून सपाट ठेवावे.

ट्यूब आधीच लावली असेल तर

अनेक भगिनींच्या मनात हा प्रश्न असेल, म्हणून तो शेवटी घेतला. चेहऱ्याच्या ट्यूबवर मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल यांपैकी काही लिहिले असेल तर ते स्टेरॉइड आहे. २०१८ साली केंद्र सरकारने अशी १४ स्टेरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. तरी ती मागितली की मिळतात, हे आपण जाणतो. बरेच दिवस लावली असेल तर एकाएकी बंद करू नये. चेहरा भडकतो आणि माणूस घाबरून पुन्हा तीच लावतो. त्वचारोगतज्ज्ञ ती हळूहळू सोडवतात. नाव-पत्ता नसलेल्या डब्यांतली क्रीमे तर दारातही आणू नयेत. अशा क्रीमांत पारा सापडला आहे. पारा त्वचेतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडे बिघडवतो. २०२३ साली केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात असे रुग्ण डॉक्टरांच्या ध्यानात आले होते.

नवे कोणतेही क्रीम, साबण किंवा तेल आधी कोपराच्या आतल्या बाजूस नाण्याएवढ्या जागेवर आठवडाभर लावून पाहावे. लिंबू, सोडा आणि टूथपेस्ट चेहऱ्यावर घासू नये. नाजूक त्वचेला थोडक्याच गोष्टी लागतात: सौम्य धुणे, ओलसरपणा आणि सावली.

आणि घरच्यांनी एक करावे. मुलीच्या रंगाविषयी बोलणे बंद करावे. "सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस" यातला "पण" आधी काढावा. बाबासाहेबांनी आपल्याला माणूस म्हणून ताठ उभे राहायला शिकवले. त्या घरात मुलीने आपल्या चेहऱ्याची लाज बाळगावी, हे आपल्याला शोभत नाही.

आमच्या पुतणीचा चेहरा सावरायला वर्ष-सव्वा वर्ष लागले. ऊन अजूनही तिला लवकर लागते, पण ती छत्री घेऊन हिंडते आणि फोटोत पहिल्या रांगेत उभी राहते. अजिंठ्याहून तिने स्वतःच्या पैशाने एक छापील चित्र आणले आणि वरच्या पाचही सूचना फ्रेमवाल्याला वाचून दाखवून त्याची तसबीर करून घेतली. मागच्या कागदावर तिने पेन्सिलीने स्थळ, तारीख आणि सोबत कोण कोण होते ते लिहिले आहे.

ते गोदना चित्र आम्ही प्लायवूडवरून सोडवण्याचा प्रयत्न केला नाही. फाटले असते. नवीन काच दूर बसवून, डागांसकट, ते आईच्या खोलीत सावलीच्या भिंतीवर लावले आहे. चित्रकार बाईंचे नाव आठवायचा आम्ही पुष्कळ प्रयत्न केला, आठवत नाही. आई कधीमधी विचारते, "ते कुणी काढलं होतं रे?" आणि आम्ही गप्प बसतो.

म्हणून वाचक बंधू-भगिनींना हात जोडून एकच सांगणे आहे. पुढच्या प्रवासात चित्र घ्याल तेव्हा पैसे देण्याआधी काढणाऱ्याचे नाव विचारा, आणि तिथल्या तिथे पेन्सिलीने मागे लिहून ठेवा.